मुळांवरच्या गाठी

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकडा शिवारात पाणी पोचते तिथे केळी आणि हळद उभी असते. जिथे पोचत नाही तिथे खरिपात सोयाबीन, तूर, मूग, उडीद आणि पुढे रब्बीत हरभरा. ही पाचही पिके शेंगांची, द्विदल, आणि त्यांचे खरे सामाईक लक्षण जमिनीखाली असते. पेरणीनंतर पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास सोयाबीनचे रोप मुळासकट अलगद उकरून काढावे, मुळे पाण्यात खळबळून घ्यावीत आणि त्यांवरची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ नखाने फोडावी. आतला रंग गुलाबी निघाला तर गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला पुरवीत आहेत. पांढरट किंवा हिरवट निघाला तर ते काम सुरू झालेले नाही किंवा थांबले आहे. तण काढणे आणि बियाण्याला काही लावणे या दोन कामांचा इतिहास आपल्याकडे अवजारांचा आणि औषधांचा म्हणून सांगतात: खुरपे मागे पडले आणि फवारणीचा पंप आला, राख गेली आणि पुडी आली. माझे म्हणणे असे, की द्विदल पिकांपुरता हा इतिहास त्या गाठीच्या बाजूने वाचला पाहिजे. तसा वाचला की दिसते, गाठीचे शास्त्र ठाऊक नसलेल्या पिढ्यांनी तिची राखण केली, आणि शास्त्र हाती आल्यावर आपण तिला वाऱ्यावर सोडले.

बियाण्यावर पेरणीआधी काही संस्कार करायचा, ही कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या, म्हणजे सरकारी शेतीच्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात बियाण्याला रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन आळीपाळीने द्यायला सांगितले आहे. त्यातही तृणधान्यांना सात रात्री आणि शेंगांच्या धान्यांना तीन किंवा पाच रात्री, असा भेद केलेला आहे. द्विदलाच्या दाण्याचे टरफल आणि त्याची उगवण वेगळी वागते, हे निरीक्षण त्यामागे असले पाहिजे. मराठवाड्यातल्या घरांत हा संस्कार मुख्यतः साठवणीचा होता. तुरीचे, मुगाचे, उडदाचे बी चाळलेल्या राखेत घोळून मडक्यात ठेवायचे, तोंड शेणामातीने लिंपायचे, मध्ये कडुलिंबाचा वाळला पाला टाकायचा. राखेमुळे दाण्यांमधली पोकळी भरते, भुंग्याला हलायला आणि अंडी घालायला जागा उरत नाही, आणि तिचे बारीक कण त्याच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडतात. नवरात्रात घट बसवताना शेतातली माती आणून तिच्यात घरचे धान्य पेरायचे आणि कोणते कसे तरारते ते पाहायचे, ही चाल श्रद्धेची खरी. पण रब्बीच्या तोंडावर घरच्या बियाण्याची उगवण त्यात डोळ्यांसमोर येई, हेही तितकेच खरे. या सगळ्याला मर्यादा होती, ती सांगितलीच पाहिजे. राखेने भुंगा थांबतो, मातीतून येणारी बुरशी थांबत नाही. तुरीची मर राखेला जुमानत नव्हती.

मरीवर जुन्या शेतीचा उपाय बियाण्यात नव्हता, तो पेरणीच्या मांडणीत होता, आणि इथेच तण आणि बी या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. कळमनुरी ज्यात येते तो हिंगोली हा विदर्भाला खेटलेला जिल्हा. त्यामुळे ओळींमधले तण काढणाऱ्या बैलाच्या अवजाराला इथे कोळपे हाही शब्द चालतो आणि डवरा हाही. तिफणीने ज्वारी किंवा कापूस पेरताना ठरावीक ओळींनंतर तुरीचे तास धरायचे, मधल्या जागेत मूग-उडीद घ्यायचा, आणि पीक वीतभर झाले की डवऱ्याच्या पाळ्या सुरू करायच्या. मूग-उडीद लवकर पसरून जमीन झाकतात, तणाला ऊन मिळू देत नाहीत आणि सत्तर दिवसांच्या आसपास निघून जातात. तोवर तूर वर उठलेली असते. ज्वारीच्या सोबतीने घेतलेल्या तुरीत मर कमी येते, हे पुढे हैदराबादजवळच्या पाटनचेरूला १९७२ मध्ये सुरू झालेल्या इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांत सिद्ध झाले. म्हणजे जी मांडणी तण दाबण्यासाठी आणि पावसाची जोखीम वाटून घेण्यासाठी होती, तीच मुळाचेही रक्षण करीत होती. डवऱ्याचे कामही तण कापण्यापुरते नसते. काळ्या जमिनीवर पावसानंतर पापुद्रा धरतो आणि खंड पडला की भेगा जातात; पास फिरली की पापुद्रा फुटतो, भेगा बुजतात, ओल टिकते आणि मुळांना हवा मिळते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, ही शेतकऱ्याची म्हण ओलीबद्दल आहे. गाठीच्या दृष्टीने तिच्यात हवेचीही भर घातली पाहिजे, कारण गाठीतले जिवाणू श्वास घेतल्याशिवाय नत्र बांधू शकत नाहीत.

ही शेती अडाणी होती असे मानणाऱ्यांनी जॉन ऑगस्टस व्होल्कर यांची साक्ष ध्यानात घ्यावी. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे हे रसायनतज्ज्ञ १८८९ मध्ये हिंदुस्थानची शेती तपासायला आले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुधारणा सुचवायला आलेल्या या माणसाने लिहिले, की शेत तणापासून स्वच्छ ठेवण्याच्या बाबतीत इथल्या चांगल्या शेतकऱ्याला शिकवण्यासारखे फारसे नाही. आणि शेंगांच्या पिकांचा फेरपालटातला व मिश्र पेरणीतला उपयोगही त्याला ठाऊक आहे. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. शेंगांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात हे जर्मनीत हेलरीगल यांनी १८८६ मध्ये जाहीर केले, विलफार्थ यांच्यासह त्याचा सविस्तर पुरावा १८८८ मध्ये मांडला, आणि त्याच वर्षी हॉलंडच्या बायेरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढला. युरोपच्या प्रयोगशाळेत ज्याचे कारण नुकतेच सापडले होते, त्याचा परिणाम दख्खनच्या शेतात कित्येक शतके वापरात होता. अर्थात स्वच्छ शेताची किंमत कोणीतरी मोजत होते. हराळी, कुंदा आणि लव्हाळा यांच्यापुढे डवरा हरतो. ती मुळे पहारीने खणून काढावी लागत. आणि ओळीतले तण, रोपाला चिकटलेला केना, कुर्डू, माठ, तरोटा, हे बायकांनी उकिडवे बसून खुरप्याने काढायचे. या कष्टाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण त्याला वगळून केलेला जुन्या शेतीचा गौरव खोटा ठरतो.

शास्त्र मराठवाड्यात आले ते आधी शेंगांच्या पिकांकडे वळले नाही. निजामाच्या हैदराबाद राज्याने १९१८ मध्ये परभणीला मुख्य प्रायोगिक क्षेत्र सुरू केले. प्रदेशातली संशोधन केंद्रे ज्वारी, कापूस आणि फळे यांच्यासाठी होती. तुरीच्या मरीचे कारण ई. जे. बटलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच बुरशीपर्यंत नेऊन पोचवले होते, पण बियाण्याला औषध चोळण्याची सवय महाराष्ट्राला लागली ती ज्वारीच्या काणीमुळे. काणीचे बीज दाण्याच्या अंगावर बसलेले असते, गंधकाची भुकटी चोळली की ते मरते आणि पुढच्या हंगामात कणीस काळे पडत नाही. फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून तो उपाय रुजला. तणनाशकाचे तसेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलेले टू-फोर-डी हे पहिले मोठे निवडक तणनाशक रुंद पानांच्या वनस्पती मारते आणि गवतवर्गातली पिके सोडते. म्हणून ते ऊस, गहू, ज्वारीला चालले. तूर, मूग, उडीद स्वतःच रुंद पानांचे. शेजारच्या शेतात फवारलेल्या टू-फोर-डीचा नुसता वारा लागला तरी तुरीचे शेंडे मुरडतात. म्हणून शेंगांच्या पिकांत खुरपे सर्वांत जास्त टिकले. मागासलेपणा हे त्याचे कारण नव्हते. या पिकांना झेपेल असे तणनाशकच फार उशिरा तयार झाले.

१८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ते आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून मर आणि वांझ रोगाला तोंड देणारे तुरीचे वाण आले, त्यातला बीएसएमआर ७३६ मराठवाड्यात घराघरांत पोचला. हे काम मोठे आहे, आणि जो रोग राखेने किंवा पुडीने पूर्ण थांबला नाही तो वाणाने बराच आवरला, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण याच काळाच्या पुढच्या टप्प्यावर सगळे शिवार पालटले. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात नगण्य असलेले सोयाबीन आज राज्यात ४० लाख हेक्टरांच्या पुढे आहे. जबलपूरच्या विद्यापीठाचा जेएस ३३५ हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला आणि मराठवाडा-विदर्भाने तो उचलला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आज त्याच्या खरिपाचे निम्म्याहून अधिक क्षेत्र एकट्या सोयाबीनखाली असते. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल कमी झाले आणि बैलाबरोबर डवरा. मिश्र पेरणीच्या जागी एकाच पिकाचे सलग पट्टे आले. जी मांडणी तण दाबत होती आणि मुळे राखत होती ती दहा-पंधरा हंगामांत उसवली.

या बदलात एक गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात आली, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तूर, मूग, उडीद, चवळी यांच्या गाठी करणारे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. सोयाबीनचा जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम, हा तसा मुरलेला नव्हता. पीक परके, तसा त्याचा सोबतीही परका. म्हणजे ज्या पिकाला बियाण्याबरोबर जिवाणू देणे सर्वांत गरजेचे, ते पीक अशा शेतकऱ्याच्या हाती आले ज्याला आजवर जिवाणू द्यावे लागलेच नव्हते. परिणाम साध्या हिशेबाने कळतो. सोयाबीनच्या एक टन दाण्यामागे पिकाला सुमारे ८० किलो नत्र लागतो. हेक्टरी १५ क्विंटल उतारा धरला तर १२० किलो. शिफारशीप्रमाणे खताच्या पोत्यातून द्यायचा आहे ३० किलो. उरलेल्यातला मोठा वाटा गाठींनी भरून काढायचा असतो. गाठी नसतील तर पीक मातीतला साठा खाते, पुढच्या हरभऱ्याच्या वाट्याला रिकामी जमीन येते, आणि शेतकरी पाने पिवळी पाहून युरिया टाकतो. मुळांभोवती नत्राचा सुकाळ झाला की रोप गाठी करणे टाळते. चूक अशी स्वतःला पोसत जाते.

आता कालक्रम पाहू. मुळांवर गाठी दिसू लागतात पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी आणि त्यांचे काम फुलोऱ्यापर्यंत चढत जाते. सोयाबीनमध्ये तणाशी झुंज निर्णायक ठरते तीही पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांत. त्या काळात तण तसेच राहिले तर उत्पन्नाचा तिसरा हिस्सा सहज जातो, वाईट वर्षी निम्म्याच्याही पुढे. या दोन घटना एकाच वेळी घडतात हा योगायोग नव्हे. गाठ चालते ती पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेवर. तणाने रोपाला सावलीत घातले की पान आधी स्वतःचे आणि शेंड्याचे पाहते, मुळाकडची रसद तोडते, आणि सर्वांत आधी उपाशी पडते ती गाठ. म्हणून तण आणि बीजप्रक्रिया ही दोन स्वतंत्र कामे नाहीत. बियाण्याला लावलेला जिवाणू पंचविसाव्या दिवशी तणाच्या सावलीत उपाशी मरणार असेल तर तो लावून उपयोग नाही. आणि शेत आरशासारखे स्वच्छ असून मुळावर गाठच नसेल तर त्या स्वच्छतेचा अर्धा लाभ वाया जातो. आजच्या व्यवहारात मात्र ही दोन कामे दुकानातल्या दोन वेगळ्या फळ्यांवर गेली आहेत. एका फळीवर बुरशीनाशकाची पुडी, दुसऱ्या फळीवर तणनाशकाची बाटली. जिवाणूचे पाकीट शिल्लक असेल तर, उन्हात किती दिवस पडले होते ते विचारल्याशिवाय, वरून मिळते.

यावर पहिला आक्षेप येतो तो क्रमाचा. बुरशीनाशक लावले की जिवाणू मरतो, मग दोन्ही लावा म्हणणे विसंगत नाही का? आक्षेप अर्धा बरोबर आहे. एकेकाळी वापरात असलेली पाऱ्याची बुरशीनाशके जिवाणूला घातकच होती. कॅप्टन नावाचे बुरशीनाशकही त्याला सोसत नाही. थायरमसारखी औषधे त्यामानाने सौम्य. म्हणून शिफारस अशी, की आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या तोंडावर, गुळाच्या पाण्यात कालवलेला जिवाणू. बी सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक उपकारक बुरशी आहे, तिच्याबरोबर कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक चोळणे म्हणजे राखणदारालाच मारणे. तिथे दोहोंपैकी एकच निवडावे लागते. कंपनीचे बी औषध लावूनच येते हे खरे, पण पिशवीतले ते औषध म्हणजे बीजप्रक्रिया संपली असे नव्हे. महिनोन्‌महिने गोदामात राहणाऱ्या बियाण्यावर जिवाणू जिवंत ठेवणे अवघड, म्हणून तो थर शेतकऱ्यानेच चढवायचा असतो. विसंगती शास्त्रात नाही. घाईच्या दिवशी, वापसा जाण्याच्या भीतीने, तिन्ही वस्तू एका टोपल्यात एकदम कालवण्यात ती आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि त्याला टाळून जाता येत नाही. तणनाशक आले म्हणून बायकांची कंबर सुटली. तुम्ही त्यांना पुन्हा खुरपे घेऊन बसवणार का? नाही. खुरपणीचे जुने अर्थशास्त्र बाईच्या स्वस्त मजुरीवर उभे होते. भर पावसाळ्यात चिखलात उकिडवे बसून दिवसभर तण काढणाऱ्या बाईला पुरुषाच्या निम्मी-पाऊणपट मजुरी द्यायची, आणि त्या शेताला स्वच्छ शेतीचा नमुना म्हणायचे, हा अन्याय होता. तो संपत असेल तर त्याचे दुःख कोणी करू नये. पेरणीनंतर उगवणीआधी पेंडीमिथॅलीन आणि पुढे पीक उभे असताना इमॅझेथापायर यांनी तो भार खरोखरच हलका केला. शेंगांचे पीक इमॅझेथापायर आपल्या अंगात लवकर मोडून टाकते, तण तसे करू शकत नाही, म्हणून पीक वाचते. चार दिवस पाने पिवळसर पडतात आणि सावरतात. माझा विरोध औषधाला नाही, त्याच्या उशिराला आहे. ते द्यायचे तण दोन-चार पानांवर आणि जमिनीत ओल असताना. प्रत्यक्षात पावसाचा खंड, पाठीवरच्या पंपांची ओढाताण आणि उधारी यांत तो काळ टळतो. तण गुडघ्याला लागल्यावर दुप्पट मात्रा फवारली जाते, तण वाकते पण मरत नाही, आणि पिवळे पडणे मात्र पिकाच्या वाट्याला येते, तेही गाठ भरण्याच्या ऐन दिवसांत. शिवाय इमॅझेथापायरचा अंश जमिनीत काही महिने राहू शकतो. हरभऱ्याला तो सहसा बाधत नाही, ज्वारीला बाधू शकतो. जे पीक फेरपालटासाठी परत आणायला हवे, त्याच्याच वाटेत हा अडसर पडतो. आणि औषध पापुद्रा फोडत नाही, भेग बुजवत नाही. म्हणून फवारणीनंतरही एक डवरणी हवी. बैल नसेल तर सायकल-कोळपे आहे, छोटा ट्रॅक्टर आहे. ते चालवायला खुरप्याइतके वाकावे लागत नाही.

तिसरा आक्षेप: जुन्या शेतीचे उतारे कमी होते, मग तिच्याकडून शिकायचे काय? उतारे कमी होते हे निर्विवाद. पण मी राखेकडे आणि पहारीकडे परत जायला सांगत नाही. त्या शेतीतले दोन निर्णय घ्यावेत, बाकी सोडावे. एक, तण उगवण्याआधी त्याची जागा पिकाने व्यापणे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी ही परभणी विद्यापीठाची शिफारस म्हणजे जुन्या तासांचेच नवे रूप आहे. दुसरा, पेरण्याआधी घरचे बी पारखणे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर कृषी विभागाने ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण मोजायची पद्धत गावोगाव नेली: सत्तर उगवले तर हेक्टरी ७५ किलो, कमी उगवले तर त्या मानाने बी वाढवायचे. विरळ उगवलेल्या शेतात मोकळी जागा तणाची होते, म्हणून गोणपाटातली ही मोजणी तणनियंत्रणाचीच पहिली पायरी आहे. घटातल्या मातीत जे नकळत पाहिले जाई ते इथे आकड्यात आले. जुन्याला नव्याची जोड अशी मिळाली की दोघांचेही सार्थक होते.

जिवाणूच्या कामाला या भागात ग्राहक नाही असेही नाही. परभणी विद्यापीठाचे बायोमिक्स हे उपकारक बुरशी-जिवाणूंचे मिश्रण हिंगोली-नांदेडचे हळद उत्पादक आवर्जून आणतात, कारण हळदीच्या कंदकुजीने एका हंगामात बसणारा फटका त्यांनी सोसलेला आहे. सोयाबीनची उपाशी गाठ तसा फटका देत नाही. ती एकरी क्विंटल-दोन क्विंटल गुपचूप काढून घेते आणि दोष पावसावर जातो. काणी दिसत होती म्हणून गंधक रुजले, कंदकूज दिसते म्हणून बायोमिक्स रुजले. गाठ जमिनीखाली असते.

ती दिसेल असे करणे, एवढीच मागणी आहे. कळमनुरी तालुक्यातच तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, गावोगाव कृषी विभागाचे कर्मचारी आहेत. दरवर्षी मे-जूनमध्ये बीजप्रक्रियेची मोहीम निघते आणि किती बियाण्यावर प्रक्रिया झाली याचा अहवाल वर जातो. तो अहवाल जूनमध्ये बंद करू नये. पेरणीनंतर पस्तिसाव्या दिवशी प्रत्येक गावातल्या दहा शेतांतून पाच-पाच रोपे उकरावीत, गाठी मोजाव्यात, फोडून रंग लिहावा, त्याच कागदावर तणाची स्थिती आणि फवारणीचा दिवस लिहावा, आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. शाळेतली सातवी-आठवीची मुले हे काम करू शकतील. त्याला लागते एक फावडे, बादलीभर पाणी आणि एक ब्लेड.